पार येथील दगडी पुलासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

प्रतापगडाच्या पायथ्याशी, पार गावाजवळ कोयना नदीवर असलेला दगडी पूल शिवकालीन मानला जातो आणि आजही तो वापरात आहे. १६५९ मध्ये अफजलखानाची छावणी याच पार गावाच्या परिसरात पडली होती. महाबळेश्वरहून उतरून, श्री रामवरदायिनीचे दर्शन घेऊन प्रतापगडाकडे पायी जाणाऱ्या भटक्यांना हा पूल लागतो. पण गडाची ओढच अशी, की बहुतेक जण त्यावरून न थांबता पुढे जातात. बांधणाऱ्यांचे कसब पाहायचे तर नदीपात्रात उतरावे लागते. तेथून घडीव काळ्या दगडाच्या कमानी आणि पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून खांबांना दिलेली त्रिकोणी टोके नीट दिसतात.

वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरच्या डोंगरात ही नदी उगम पावते, तेव्हा पावसाळ्यात या खांबांवर केवढा लोंढा येत असेल याची कल्पना करावी. हे बांधकाम पुरांना पुरून उरले. आज काळजी आहे ती सांध्यांत रुजलेल्या पिंपळ-उंबराच्या रोपट्यांची, कारण त्यांची मुळे जाड होत गेली की चुना भुगा होऊन गळतो आणि दगड एकमेकांपासून सुटू लागतात. अशी रोपे हौसेने उपटणेही घातक असते, कारण मुळांबरोबर सांध्यातला चुनाच बाहेर येतो. शिवाय वरवर सिमेंट फासले तर आत शिरलेले पाणी आतच कोंडते; म्हणून शासनाची रीतसर परवानगी घेऊन, जाणकारांच्या देखरेखीखाली, चुन्यातच दरजा भरण्याचा आमचा आग्रह आहे, मग त्याला वेळ आणि पैसा थोडा अधिक लागला तरी चालेल.

या कामी आपण यथाशक्ती वर्गणी द्यावी, ही विनंती. प्रत्येक रकमेची पावती दिली जाईल आणि जमाखर्च गावात फलकावर लावला जाईल. चुन्याच्या कामाचा अनुभव असलेले गवंडी, पाथरवट आणि वास्तुसंवर्धनाचे अभ्यासक यांची आम्हांला पैशाहूनही अधिक गरज आहे. कोणाकडे पुलाची जुनी छायाचित्रे असल्यास त्यांच्या प्रती द्याव्यात. कोणता दगड केव्हा निखळला हे त्यावरून ताडता येईल.

दिवाळीनंतर पाणी ओसरले की पात्रातील प्लास्टिक व काटेरी झुडपे काढण्यासाठी श्रमदान होईल. येणाऱ्यांनी विळा, हातमोजे आणि पकड असलेले बूट आणावेत. दुपारच्या भाकरीची सोय गावात आहे. तोवर जे पायी येतील त्यांनी कमानीखाली चूल पेटवू नये आणि कठड्यावर नावे कोरू नयेत.

आपले नम्र,
पार पंचक्रोशीतील ग्रामस्थ