मिस्त्रीदादा, तो आकडा तुम्ही मला वाचायला लावलात

मिस्त्रीदादा,

स. न. वि. वि.

तुम्ही मोबाईलवर लांबलचक काही वाचत नाही, असं तुमचा पोट्टा म्हणाला. म्हणून हे त्यानंच तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं. त्या दिवशी तुम्ही दुरुस्त केलेली गाडी घेऊन निघताना मला धड बोलता आलं नाही. गळा दाटून आला होता आणि मागं दुसरा गिऱ्हाईक हॉर्न वाजवत उभा होता. नुसते हात जोडले आणि निघाले. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

मी मानेवाड्याहून मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, डबे पोचवते हे तुम्हाला माहीत आहे. अर्धे डबे हॉस्टेलच्या पोरापोरींचे आणि अर्धे पेशंटच्या नातेवाइकांचे. चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून माणसं आपला माणूस घेऊन येतात आणि दिवसचे दिवस फूटपाथवर काढतात. बारा वाजता डबा आला नाही, तर त्यांच्याकडं दुसरं काही नसतं. ती व्हॅन २०११ची, ह्यांनी घेतलेली. हे गेल्यावर मी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, ती त्याच व्हॅनवर.

दिवाळीनंतर मीटरवर तो पिवळा इंजिनाचा दिवा लागला. लिटरला चौदा देणारी गाडी आठवर आली. कॉटन मार्केट, इतवारी, मेडिकल मिळून रोजचे चाळीसेक किलोमीटर होतात. म्हणजे दिवसाला दोन लिटर पेट्रोल फुकट, महिन्याला पाच हजारांच्या वर. डबेवालीच्या हिशोबात पाच हजार म्हणजे काय, हे मी कुणाला समजावून सांगू? दोन महिने तर भाजीवाल्याची उधारी राहिली.

तुमच्याकडं येण्याआधी मी तीन दारं पुजली. पहिलं काचेचं होतं. आत एसी आणि कॉफीचं मशीन. त्यांनी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, बिल हातात दिलं. चौथ्या दिवशी दिवा परत हजर. मग म्हणाले, सायलेन्सरमधला कॅट (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) गेला, चाळीस हजार लागतील. मी विचारलं, कशावरून गेला? तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, टेक्निकल आहे, तुम्हाला नाही समजणार. घरी कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना पाठवा." माझ्या घरी कोणी जेन्ट्स नाहीत, मिस्त्रीदादा. मी तिथून बाहेर आले आणि गाडीत बसून रडले.

दुसऱ्यानं अर्ध्या तासात दिवा घालवला, पाचशे घेतले. पुढं तुम्हीच मीटर उघडून दाखवलंत की त्यानं मागचा बल्बच काढून ठेवला होता. तापानं फणफणलेल्या लेकराचं थर्मामीटर फोडावं आणि ताप उतरला म्हणून सांगावं, तशातला हा प्रकार. तिसरा म्हणाला, ही सेन्सरची भानगड नवीन आहे, जुन्या गाडीत कोणी हात घालत नाही, भंगारात काढा, मीच घेतो. मी नंतर वाचलं. हा धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर १९७६ साली व्होल्व्होच्या गाड्यांमध्ये पहिल्यांदा बसला. पन्नास वर्षं होत आली त्याला, आणि हा मला नवीन म्हणून सांगत होता. पीयूसीवाल्यानं तर नळी लावायच्या आधीच "करून देऊ ना ताई" म्हटलं. मी तशीच परत आले.

मे महिन्याच्या भर दुपारी डबे टाकून मी उमरेड रोडच्या आतल्या गल्लीत तुमच्या त्या कडुनिंबाखाली गाडी लावली, तेव्हा माझ्यात भांडायचीही ताकद नव्हती. तुम्ही बोनेट उघडलं नाही. आधी माठातलं पाणी दिलंत. मग विचारत बसलात. धूर सकाळीच येते का दिवसभर? पेट्रोलचा वास येते का? सिग्नलला उभी असताना हलते का? कोणी कोणी काय काय बदललं? मग सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून ते काळं कुळकुळीत बोट मला दाखवलंत. म्हणालात, "ताई, शेगडी पिवळी जळून राहिली तर गंजाचं काय होते?"

म्हटलं, "बूड काळं होते."

"मंग तेच होऊन राहिलं इथं. गॅस जास्त, हवा कमी."

वीस वर्षं मी शेगडीपुढं उभी आहे. मला ते एका वाक्यात कळलं. एक किलो पेट्रोलला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. ते प्रमाण सांभाळायला धुराच्या पाइपात एक कांडी बसवलेली असते, तोच हा सेन्सर. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे ती कॉम्प्युटरला सांगत राहते, आणि तो त्या हिशोबानं पेट्रोल कमीजास्त करतो. आपण नागपूरच्या उन्हाला भितो, पण ती कांडी तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. माझ्या गाडीची कांडी मेली होती. हवा जास्त आहे, हवा जास्त आहे, एवढंच ती सांगत राहिली आणि कॉम्प्युटर बिचारा तिच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओतत राहिला.

हे सगळं तुम्ही तोंडी सांगून थांबला असतात, तरी मी विश्वास ठेवला असता. पण तुम्ही व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन पिना कांडीच्या वायरीला लावल्या, मीटर माझ्या हातात दिलं आणि म्हणालात, "वाचा ताई, तुम्हीच."

मी वाचलं, शून्य पॉइंट एक.

तुम्ही पोट्ट्याला रेस द्यायला लावलीत. "आता?" शून्य पॉइंट एक. "आता?" तेच. चांगली असती तर रेस देताच ०.८, ०.९ला गेली असती, सोडली की खाली आली असती, सारखी वरखाली करत राहिली असती, असं तुम्ही म्हणालात. तरी तुमचं समाधान झालं नाही. पाइपाला कुठं चीर असली तर बाहेरची हवा आत येते आणि चांगली कांडीही फसते. म्हणून सायलेन्सरच्या तोंडाशी फडकं दाबून तुम्ही कान लावून ऐकलंत, मलाही ऐकवलंत. कुठंच फुस्स नव्हतं. मग म्हणालात, "आता सांगा, बदलायची का?"

मला विचारलंत. सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणी मला असं विचारलं की ही गाडी माझी आहे आणि समजून घेऊन ठरवायचं मलाच आहे. तुमच्या ते लक्षातही नसेल. मीटर हातात देणं तुम्हाला रोजचं असेल. मला ते जन्मभर पुरेल.

मेडिकलमध्ये मी एका सिस्टरला पाहिलं होतं. गडचिरोलीकडची म्हातारी होती, अक्षरओळख नाही. सिस्टरनं गोळ्यांच्या एका पाकिटावर सूर्य काढला आणि दुसऱ्यावर चंद्र. म्हातारीनं ती पाकिटं पदरात अशी धरली की जणू सोनं. मला तेव्हा त्या सिस्टरचं कौतुक वाटलं होतं. म्हातारीला काय वाटलं असेल, ते मात्र तुमच्या झाडाखाली मीटर धरून उभी असताना कळलं. हुशार माणसं आपल्या गावात खूप आहेत. आपली हुशारी खाली बसून समोरच्याच्या हातात देणारी थोडी आहेत, पण आहेत. मी इतके दिवस चुकीच्या दारांत उभी होते.

जुना सेन्सर गंजून पाइपात रुतला होता. तो कसा निघाला ते तुम्ही आणि तुमचा २२ नंबरचा पाना जाणे. मी फक्त तुमचा घाम पाहिला. नवीन अस्सल कंपनीचा, बिलासकट, तीन हजार दोनशे. मजुरी साडेतीनशे. पहिल्या दिवशीच्या तपासणीचे देऊ केले तर तुम्ही म्हणालात, "पाह्याचे काय पैसे?" आणि जो कॅट चाळीस हजारांना बदलायला निघाले होते, तो शाबूत निघाला. आणखी वर्षभर असं कच्चं पेट्रोल त्यात जळत राहिलं असतं तर तोही गेला असता, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

एक गोष्ट मी तुम्हाला बोलले नाही. मेडिकलच्या गेटवर डबे वाटताना मी गाडी चालूच ठेवायची, कारण बंद केली की परत लागेल याचा भरवसा नसायचा. मागं, त्या धुरात, माणसं जेवायला बसायची. तसल्या धुरात विषारी वायू जास्त असतो, हे तुम्ही सहज बोलून गेलात. मला त्या रात्री झोप लागली नाही. एका बाळंतिणीची आई रोज मागच्या चाकाजवळ बसायची.

नवीन कांडी बसवल्यावर तुम्ही परत मीटर माझ्याकडंच दिलंत. ०.२, ०.७, ०.३, ०.८. मी आकडे मोठ्यानं म्हणत होते आणि तुमचा पोट्टा हसत होता. ह्यांना आयसीयूत ठेवलं होतं तेव्हा मी मशीनवरची अशीच एक रेघ पाहत बसायची, ती हलत राहावी म्हणून. तुमच्यापुढं डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळं. पैशासाठी नव्हतं, एवढं तुम्हाला कळावं.

काल टाकी फुल करून वहीत हिशोब केला. १३.८ देते आहे. आता गेटवर गाडी बंद करते आणि एका चावीत परत लागते.

शनिवारी तुमच्याकडं गोळाभात आणि कढी घेऊन येते आहे, तुमचा आणि पोट्ट्याचा. वहिनींना त्या दिवशी स्वयंपाक करू देऊ नका. जुना सेन्सर तुम्ही कागदात गुंडाळून "तुमचा आहे, घेऊन जा" म्हणून दिला होता. तो स्वयंपाकघरात लायटरशेजारी ठेवला आहे. 

तुमची,
डबेवाली ताई
मानेवाडा, नागपूर