शिंपल्याचा पंप आणि काकूची शेगडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाचा शेल वायूवरचा अग्रलेख वाचला. एक रात्र थांबलो, म्हटलं राग निवेल. निवला नाही.

सोबतचा फोटो कोणी निवडला? शेल म्हणजे त्या नावाच्या तेल कंपनीचा, शिंपल्याचं चिन्ह लावलेला पेट्रोल पंप नव्हे हो, जमिनीखालचा खडक! पाणी, वाळू आणि रसायनं दाबाने सोडून तो फोडतात, तेव्हा वायू सुटतो. विहिरी नासण्याची तुमची भीती मला मान्य आहे. न्यूयॉर्क राज्याने २०१४ मध्ये याच काळजीने बंदी जाहीर केली. पण ‘अमेरिकेचं भलं झालं, आपल्याला काय?’ हे वाचून चहा गार झाला.

अमेरिकेतल्या लुइझियानातलं सबीन पास टर्मिनल, म्हणजे द्रवरूप वायूच्या जहाजांचा धक्का, मुळात वायू आयात करायला बांधलेलं. शेलमुळे घरातच इतका वायू निघाला की २०१६ पासून तिथूनच निर्यात सुरू झाली. आपल्या सरकारी वायू कंपनीचा, गेलचा, ते टर्मिनल चालवणाऱ्यांशी २० वर्षांचा करार आहे, वर्षाला ३५ लाख टनांचा. भाव अमेरिकी वायूच्या बाजाराशी बांधलेला, कच्च्या तेलाशी नाही. २०२२ मध्ये रशियाच्या गाजप्रोम कंपनीशी केलेल्या करारातली जहाजं यायची थांबली, तेव्हा हा दुसरा दरवाजा उघडा होता. आता या अमेरिकी करारातलं पहिलं जहाज मार्च २०१८ मध्ये कुठे लागलं, ते विचारा. आपल्या दाभोळला!

मी तेव्हा गुहागरला काकूकडे होतो. पेपरातली बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, “मग आता आपल्या शेगडीला कधी?” मी ऐटीत सांगून बसलो, “दोन वर्षांत.” काकू अजून सिलिंडरच लावते. भर पावसात तो वेळेवर आला तर नशीब. दाभोळच्या टर्मिनलचं तर विचारूच नका. लाटा अडवणारा बंधारा अपुरा, म्हणून वर्षानुवर्षं पावसाळाभर जहाज लागत नसे. एन्रॉनच्या वेळेपासून आम्ही दाभोळची भाषणंच ऐकतोय. सात समुद्र ओलांडून वायू दारात येतो आणि दारातून पुढच्या आळीत जात नाही, यावर लिहा की एखादा अग्रलेख! गणपतीला गेलो की काकू पहिलं तेच विचारते, आणि मी मोदकाकडे बघतो.

आपला,
एक गुहागरकर, मुक्काम डोंबिवली

ता. क. : रविवारच्या शब्दकोड्याचं म्हणून जे उत्तर सोमवारी छापलंत, ते त्याच्या आदल्या रविवारचं होतं.