आधी पोरांची थकलेली फेलोशिप द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी जुन्नर तालुक्यातला टोमॅटो करणारा शेतकरी. माझी मोठी पोरगी बाहेरच्या राज्यात पीएचडी करतेय आणि गेले सात महिने तिची फेलोशिप आलेली नाही. कागदावर महिन्याला ३७ हजार आहेत, खात्यावर शून्य. मेसचे पैसे थकलेत, खोलीचं भाडं मैत्रीण भरतेय, मागच्या आठवड्यात टोमॅटोची पट्टी आली त्यातले १५ हजार मी तिला पाठवले. विचारायला गेलं की एक ऑफिस म्हणतं फाईल वर गेलीय, वरचे म्हणतात युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचे पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला, आलं नाही, आणि ते सर्टिफिकेट काढणं पोरीच्या हातात नाहीच. फोनवर रडत नाही ती, पण "पप्पा, मी नोकरी बघू का" असं दोनदा विचारून झालंय, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर काय सांगायचं ते मला कळत नाही.

संशोधनाचं मोल काय ते आमच्या भागाला २०२० साली कळलं. लॉकडाऊन चालू, त्यात टोमॅटोवर तिरंगा नावाचा रोग आला. फळ नीट लाल होईना, मधेच पिवळे पट्टे, कापलं की आतून खराब. त्यात व्हॉट्सॅपवर आणि टीव्हीवर उठलं की हा टोमॅटो खाल्ला तर माणूस आजारी पडतो, मग काय, गिऱ्हाईकच पळालं, आम्ही क्रेटच्या क्रेट बांधावर ओतले. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि तिथून कळलं की हे कुकुंबर मोझॅकसारखे पिकाचेच व्हायरस आहेत, माणसाला त्यापासून काही होत नाही. ती संस्था १९६७ सालची. मधली पन्नास वर्षं तिथली लॅब चालू ठेवली, माणसं पगारावर ठेवली, म्हणून त्या दिवशी उत्तर मिळालं. रोग आल्यावर लॅब बांधायला घेतली असती तर आम्ही काय केलं असतं?

आणि खोडदची दुर्बीण, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी, तर आमच्या रानातच उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप सरांनी तारांच्या जाळीची हलकी रचना काढून कमी पैशात उभ्या केल्या, आणि आज जगभरातले शास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. दुर्बिणीला रेडिओचा गोंगाट चालत नाही म्हणून आमच्याकडे मोठे कारखाने आले नाहीत, पुणे-नाशिक रेल्वेचा आधी आखलेला मार्गही त्याच्यामुळेच अडकला. लोकांची नाराजी आहे, माझीही थोडी आहे. पण २८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं तेव्हा झेडपीच्या शाळेतली पोरं रांगा लावून जातात, माझी पोरगी सातवीत तिथूनच डोक्यात विज्ञान घेऊन आली. म्हणजे बघा, सायन्ससाठी खेड्यातली माणसंसुद्धा काही ना काही सोसतात.

गरीब देशाला हे परवडत नाही असं कोणी म्हटलं की मला राग येतो. शास्त्रज्ञ होमी भाभांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं १९४४ ला, १९४५ ला टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था सुरू झाली, त्यात ट्रस्टबरोबर त्यावेळच्या मुंबई सरकारचाही पैसा होता. पुण्यात पाषाणला एनसीएलचं, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, उद्घाटन नेहरूंनी केलं ३ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताक व्हायच्याही आधी, फाळणीची जखम ओली आणि धान्याची टंचाई असताना. त्या दिवसात पैसा काढला आणि आज आपण जीडीपीच्या साधारण ०.६४ टक्के संशोधनावर घालतो. चीन दोन टक्क्यांच्या वर, दक्षिण कोरिया चारच्या वर. २०१३ च्या विज्ञान धोरणात दोन टक्क्यांचं लिहून ठेवलं होतं, सरकार बदललं तरी ते लांबच राहिलं, त्यामुळे हा एका पक्षाचा दोष मी म्हणत नाही.

आता नवीन संशोधन फाउंडेशनचा कायदा झाला २०२३ ला, पाच वर्षांत ५० हजार कोटी, पण त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचेत, उद्योगांकडून, देणगीदारांकडून. २०२५ ला खाजगी कंपन्यांच्या संशोधनाला एक लाख कोटींची स्वस्त कर्जाची योजना आली. येऊ द्या, कंपन्यांनी खर्च केलाच पाहिजे. पण कुठली कंपनी आमच्या टोमॅटोच्या व्हायरसवर दहा वर्षं माणूस बसवणार? त्याला सरकारच लागतं, आणि त्यात मोठी रक्कम नंतर, आधी ठरल्या तारखेला पैसे. २०२२ ला सरकारी लॅबच्या उपकरणांवरची जीएसटी सवलत काढली, पाचाचे अठरा टक्के झाले, म्हणजे तेवढ्याच ग्रँटमध्ये सामान कमी. वर फेलोशिप थकली की पोरं काम सोडून कोचिंग क्लासात शिकवायला जातात. एकदा गेलेलं पोर परत लॅबकडे येत नाही हो.

तुमच्या पेपरला एक विनंती आहे. बजेटच्या दिवशी तुम्ही सायन्सला किती कोटी मिळाले ते छापता, त्याच्या शेजारी एक चौकट द्या, किती पोरांची फेलोशिप किती महिने थकलीय त्याची. माहिती अधिकारात मागितली तर आकडा मिळेल. आणि आमच्या खासदारांनी तो लोकसभेत विचारावा, मी त्यांनाही वेगळं पत्र पाठवतोय.

आपला,
एक पालक, जुन्नर तालुका