शिळावर्तुळांची नोंद सातबाऱ्यावर करा

आयर्लंडमधील न्यूग्रेंज हे सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचे दफनस्थळ. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे दारावरच्या झरोक्यातून शिरलेली सूर्यकिरणे १९ मीटर लांबीच्या दगडी वाटेने थेट आतल्या कक्षात पोहोचतात. ते बघायला इतके अर्ज येतात की सोडत काढावी लागते.

आणि आपल्या नागपूरच्या वेशीवर, काटोल रस्त्याला, जुनापाणी आहे. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. ही लोहयुगातल्या माणसांची दफने, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. काळ्या धोंड्यांचे कडे, मधे माती-मुरमाचा उंचवटा. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीएवढे खळगे आहेत, हात फिरवला की लगेच जाणवतात. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्येच यावर लिहिले होते. पुढे नागपूर जिल्ह्यातल्याच माहूरझरीला अशा दफनांत घोड्यांचे अवशेष मिळाले, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी.

विदर्भात अशी वर्तुळे गावोगावी आहेत, त्यातली कितीतरी शेतात. नांगराला आडवा येणारा धोंडा शेतकरी बाजूला सारतो, त्यात त्याचा काय दोष? तो कबरीचा आहे हे त्याला कधी कुणी सांगितलेच नाही. मुरमासाठी उंचवटे खोदणाऱ्यांना मात्र माफी नसावी.

पुरातत्त्व आणि महसूल खात्यांनी मिळून गावनिहाय मोजणी करावी, प्रत्येक वर्तुळाची सातबाऱ्यावर नोंद घ्यावी आणि जागेवर मराठीत फलक लावावा. पावसाळ्यानंतर, गवत वाळले की, हे काम सुरू करता येईल.

— एक वाचक, नागपूर