आर्ब्रोथला ‘हौशी’ म्हणू नका

महोदय,

गेल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत स्कॉटलंडच्या आर्ब्रोथ फुटबॉल क्लबवर, 2022 मध्ये तो सगळ्यात वरच्या श्रेणीत जाता जाता कसा राहिला यावर, अर्धं पान वाचलं. आयपीएलच्या दिवसांत परदेशातल्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉलला एवढी जागा मिळते, याचं कोल्हापूरकर म्हणून अप्रूप वाटलं. पण मथळा आहे ‘हौशी खेळाडूंची परीकथा’. या तीन शब्दांतले दोन मला खटकले, म्हणून हे पत्र.

2022 च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत मी लेकीकडे डंडीला होतो. तिथून आर्ब्रोथ रेल्वेनं वीसेक मिनिटांवर. उजव्या हाताला सतत समुद्र, मध्ये गोल्फवाल्यांचं कार्नुस्टी, की आलंच. गाव चोवीसेक हजार वस्तीचं, जुनं मासेमारी बंदर. होड्यांना वाट दाखवणाऱ्या तिथल्या लाल दिव्यावरून क्लबचं टोपणनाव पडलंय ‘रेड लिख्टीज’. क्लब 1878 चा, मैदान 1880 पासून तेच, गेफील्ड पार्क. युरोपात समुद्राच्या इतकं जवळ दुसरं मैदान नाही असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. मला ते न सांगताच कळलं. एका बाजूच्या प्रेक्षकांच्या पाठीमागं भिंत आणि भिंतीपलीकडं थेट नॉर्थ सी. मी गेलो त्या शनिवारी पाहुण्या संघाच्या गोलकीपरनं मारलेली किक मध्यरेषेच्या अलीकडं हवेत थबकली आणि चक्क मागं फिरली. आजूबाजूचे कुणी हसलेसुद्धा नाहीत, त्यांना रोजचंच. मी कानटोपी, मफलर आणि जावयाचा जाडजूड कोट घालून कुडकुडत होतो, आणि शेजारचे आजोबा एका हातात गरम ‘पाय’ (तिथली सारण भरलेली पेस्ट्री) धरून निवांत उभे. मध्यंतर झालं तशी निम्मी गर्दी उठून दुसऱ्या गोलपोस्टमागं चालत गेली, आपला संघ जिकडं हल्ला करणार तिकडं. आमच्या कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवर असं कुणी करायला गेलं तर काय होईल, याचा विचार करून मीच हसलो.

आता ‘हौशी’बद्दल. स्कॉटलंडच्या दुसऱ्या श्रेणीला चॅम्पियनशिप म्हणतात. दहा संघ, प्रत्येकाशी चार वेळा गाठ, एकूण 36 सामने. 2021-22 च्या हंगामात त्यातले नऊ क्लब पूर्णवेळचे होते. म्हणजे खेळाडूंचं कामच फुटबॉल, रोज सकाळी सराव. दहावा आर्ब्रोथ. त्याचे खेळाडू दिवसा आपापल्या नोकरीधंद्यावर जात आणि आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी सरावाला जमत. बॉबी लिन हा त्यांचा लाडका विंगर कचऱ्याच्या गाडीवर काम करायचा, हे तुमच्या लेखात आलंच आहे. पण या खेळाडूंचा क्लबशी करार असतो, पगार असतो, बदलीचे नियम असतात. हौशी खेळाडू नुसत्या आवडीपोटी खेळतो. हे लोक दोन ठिकाणी हजेरी लावत होते आणि दोन्हीकडचे पैसे घेत होते. सकाळी दुकान उघडून दुपारी पेठेच्या फुटबॉल संघाची जर्सी चढवणारी पोरं बघत मोठे झालेल्या आम्हा कोल्हापूरकरांना तरी हा फरक कळायला हवा!

हे फक्त शब्दाचं भांडण नाही. आर्ब्रोथ वर कसा आला, त्याचं निम्मं उत्तर या अर्धवेळपणात आहे, आणि लेखात नेमकं तेच सुटलंय. तिशीकडं झुकलेला, हातात कसब असलेला, घराचे हप्ते फेडणारा एखादा बचावपटू घ्या. पूर्णवेळ क्लब त्याला एका वर्षाचा करार देणार, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दारोदार. त्यापेक्षा बांधलेली नोकरी आणि वर आर्ब्रोथचा पगार, हे गणित त्याला परवडतं. अशी माणसं सहसा क्लब सोडून जात नाहीत. रिकी लिटल, कॉलिन हॅमिल्टन, बॉबी लिन ही मंडळी क्लब चौथ्या श्रेणीत होता तेव्हापासूनची. प्रशिक्षक डिक कॅम्पबेल 2016 मध्ये आले, डोक्यावर कायम चपटी टोपी, मदतीला जुळा भाऊ इयन. 2017 ला चौथी श्रेणी जिंकली, 2019 ला तिसरी. पाच-सहा वर्षं एकत्र खेळलेला बचाव म्हणजे काय, ते गेफील्डच्या वाऱ्यात उभं राहून बघावं. कुणी कुणाला ओरडून सांगत नव्हतं, जो तो आपल्या जागेवर.

दुसरं निम्मं उत्तर उसनवारीचं. मोठ्या क्लबांतले संधी न मिळालेले तरुण आर्ब्रोथ काही महिन्यांसाठी आणायचा. त्यातला जोएल नूबल लिव्हिंगस्टनकडून आलेला. धिप्पाड गडी, प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन पळायचा म्हणतात. तो इतका चांगला खेळला, की जानेवारीत लिव्हिंगस्टननं त्याला परत बोलावून घेतलं. उसनं आणलेलं भांडं घासून लखलखीत करावं आणि मालकानं उचलून न्यावं, तसं झालं. मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता. पबमध्ये, रेल्वेत, भेटेल तो आर्ब्रोथवाला मला आधी नूबलबद्दल सांगायचा आणि मग हवेबद्दल. परीकथेत असलं काही होत नाही, महोदय. हा सगळा काटकसरीचा आणि जुळवाजुळवीचा संसार होता.

समोर होता किल्मार्नॉक. 1965 चा स्कॉटिश विजेता, 28 वर्षं सलग वरच्या श्रेणीत काढून 2021 ला खाली आलेला. त्यांना एका हंगामात परत वर जायचंच होतं. डिसेंबरात त्यांनी प्रशिक्षक काढला आणि जानेवारीत डेरेक मॅकिनेसना आणलं, ॲबर्डीनला आठ वर्षं काढलेला माणूस. आर्ब्रोथकडं कॅम्पबेल बंधू आणि तीच जुनी माणसं. तरीही 22 एप्रिलच्या शुक्रवारी, हंगामाचे दोनच सामने उरले असताना, दोघांत अंतर होतं दोन गुणांचं. सामना किल्मार्नॉकच्या मैदानावर. आर्ब्रोथ जिंकता तर पहिल्या क्रमांकावर असता. आम्ही घरी टीव्हीवर बघत होतो. लेक फुटबॉलमधलं काही न कळणारी, पण तीही आमटी गॅसवर ठेवून येऊन बसली. आर्ब्रोथनं आघाडी घेतली तेव्हा जावई उभा राहिला. मग बरोबरी झाली. आणि अगदी शेवटी ब्लेअर ऑल्स्टननं किल्मार्नॉकचा दुसरा गोल मारला. लोक मैदानात घुसले, किल्मार्नॉक वर गेला. आमटी करपली होती.

तुमचा लेख इथंच थांबतो, ‘स्वप्न थोडक्यात हुकलं’ म्हणून. पण त्यापुढं जे झालं त्याची मला खरी चीड आहे. स्कॉटलंडमध्ये पहिला क्रमांक थेट वर जातो. दुसरा, तिसरा आणि चौथा प्ले-ऑफ खेळतात. आधी तिसरा विरुद्ध चौथा, जिंकणारा दुसऱ्याशी, आणि त्यातला विजेता वरच्या श्रेणीतल्या अकराव्याशी. प्रत्येक टप्पा दोन सामन्यांचा. म्हणजे खालून येणाऱ्यानं सहा सामने खेळायचे आणि वरच्यानं फक्त दोन, तेही ताज्या पायांनी. हा नियम वरच्यांनी वरच्यांसाठी केलाय, हे सांगायला फुटबॉल कळावं लागत नाही. तिसऱ्या आलेल्या इन्व्हर्नेसपेक्षा आर्ब्रोथचे सहा गुण जास्त होते. दोघांच्या दोन सामन्यांत मिळून एकही गोल झाला नाही. दुसरा सामना गेफील्डवर, त्यात इन्व्हर्नेसचे दोन खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर. नऊ जणांविरुद्धही आर्ब्रोथला गोल काही करता आला नाही आणि पेनल्टींवर ते हरले. इथं मात्र नियमाला दोष देता येत नाही, त्यांचंच चुकलं. इन्व्हर्नेसला पुढं सेंट जॉन्स्टननं दोन सामन्यांत 6-2 असं लोळवलं, ते वेगळं.

त्यापुढचं वर्ष आर्ब्रोथनं कसंबसं काढलं. 2023 च्या नोव्हेंबरात कॅम्पबेल पायउतार झाले आणि तो हंगाम संपला तेव्हा क्लब तळाला जाऊन तिसऱ्या श्रेणीत. पण 2025 ला ती श्रेणी जिंकून पुन्हा वर. या संघाचे प्रशिक्षक होते दोघं जण, डेव्हिड गोल्ड आणि कॉलिन हॅमिल्टन. हो, तोच वर सांगितलेला हॅमिल्टन.

जाता जाता आणखी एक. आर्ब्रोथचं नाव आलं की आपल्याकडं 12 सप्टेंबर 1885 ला त्यांनी बॉन ॲकॉर्डला हरवलं तो 36-0 हा स्कोअर छापलाच पाहिजे असा दंडक आहे का? लेखात चौकट करून दिलाय. द्यायचाच तर पूर्ण द्या. त्याच दिवशी वीसेक मैलांवर डंडी हार्पनं ॲबर्डीन रोव्हर्सला 35-0 हरवलं होतं. डंडीच्या लोकांना विचारा, अजून तो एक गोल त्यांना खुपतो.

आणि लेखासोबतच्या गुणतक्त्यात आर्ब्रोथपुढं 62 गुण छापलेत, ते शेवटच्या सामन्याआधीचे आहेत. हंगामाअखेर 17 विजय, 14 बरोबरी, 5 पराभव, एकूण 65. किल्मार्नॉक 67. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला एक जुना वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर