टॉवर उभारण्याआधी बोअर मारा

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

चंद्रपूर जिल्ह्यात कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत साठवण्याचा प्रकल्प व्हावा, असे आम्हांला मनापासून वाटते. पण कामांचा क्रम चुकला तर पैसाही जाईल आणि विहिरीही जातील. म्हणून हे पत्र.

सुरुवात सिमेंटपासून करा, औष्णिक केंद्रापासून नको. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यात चुनखडी भाजून क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होणारे खडे, तयार होते. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड चिमणीतून जातो. एक टन क्लिंकरमागे साधारण 850 किलो वायू निघतो. त्यातला 500 किलोंहून जास्त दगडातला असतो, कोळशातला नव्हे. भट्टीचे इंधन बदलले तरी तो निघणारच. विजेला दुसरे मार्ग आहेत. शिवाय कोळशाच्या केंद्राला ही यंत्रणा जोडली की केंद्राची पाव वीज तीच खाते आणि ती तूट भरायला पुन्हा कोळसा जाळावा लागतो. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या छपरांवर आधीच पुरेशी राख बसते.

क्लिंकर कमी लागेल असे सिमेंटही सोबत हवेच. भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी मिसळून निम्म्या क्लिंकरवर भागणाऱ्या सिमेंटसाठी आयएस 18189 हे भारतीय मानक 2023 मध्येच आले आहे. सार्वजनिक बांधकामाच्या निविदांत ते मागितले तर पकडायचा वायूच कमी होईल.

आता पकडण्याबद्दल. धूर 40 अंशांच्या आसपास थंड करून टॉवरमध्ये खालून सोडतात, वरून अमाईन या रसायनाचे द्रावण शिंपडतात. अमाईन वायू धरून ठेवते आणि दुसऱ्या टॉवरमध्ये 120 अंशांना तापवले की सोडते. पकडलेल्या टनभर वायूमागे 3 ते 4 गिगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे 4,000 किलोकॅलरीचा कोळसा धरला तर 200 किलोंच्या आसपास. भट्टीची टाकाऊ उष्णता सगळ्याला पुरत नाही. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात 2025 मध्ये सुरू झालेली यंत्रणा वर्षाला 4 लाख टनांची आहे. तो त्या कारखान्याचा निम्माच वायू आहे.

बिघाड बहुधा धुरातूनच येतो. सल्फर डायऑक्साइड अमाईनशी जखडला की तापवूनही सुटत नाही. द्रावण मरते, फेस येतो, लोखंड गंजते. म्हणून आधी सल्फर डायऑक्साइड 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 10 भाग) खाली आणि धूळ गाळलेली हवी. धूर थंड करायला पाणी लागते, तेही नेमके मे महिन्यात जास्त. इरई धरणाचे पाणी औष्णिक केंद्र आणि चंद्रपूर शहर दोघांनाही लागते. त्यामुळे पाण्याचा हिशेब मंजुरीआधीच मागा.

खरी अडचण मात्र जमिनीखाली आहे. कार्बन डायऑक्साइड 31 अंश आणि 74 बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे 74 पट) वर गेला की दाट होतो. जमिनीवर 550 घनमीटर जागा घेणारा एक टन वायू 800 मीटर खाली दीड-दोन घनमीटरमध्ये मावतो. बंद पडलेल्या कोळसा खाणी भरून टाका, अशी सूचना अधूनमधून होते. ती कृपया फेटाळा. त्या उथळ आहेत, वरचे छत कोसळून भेगाळलेले आहे, वायू तिथे थांबणार नाही. या भागातल्या कामठी वालुकाश्माला (वाळूच्या खडकाला) सच्छिद्र म्हणून पसंती मिळू शकते, पण कित्येक गावांचे पाणी त्यातूनच येते.

यवतमाळपासून पश्चिमेकडे बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, आहे. आइसलँडमध्ये 2012 साली पाण्यात विरघळवून बसाल्टात सोडलेल्या वायूपैकी सुमारे 95 टक्के दोन वर्षांत दगड झाला. पण तिथे एका टनाला सुमारे 25 टन पाणी लागले. रोज 1,000 टन साठवायचे तर अडीच कोटी लिटर पाणी हवे. माणशी 55 लिटर धरले तर ते साडेचार लाख लोकांचे पाणी आहे. दाबाखालचा कोरडा वायू बसाल्टात सोडण्याची चाचणी अमेरिकेत वालुला इथे 2013 मध्ये झाली. विदर्भाने तोच मार्ग आधी तपासावा.

तिथवर न्यायला पाइपलाइन लागेल. वायूत ओल राहिली तर आम्ल होऊन पोलाद खाते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा टाकते आणि नळाच्या सांध्यांवर ताण आणते. फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकेत मिसिसिपीतल्या सटार्शिया गावाजवळ मुसळधार पावसानंतर जमीन घसरून अशीच लाइन फुटली. 45 जण रुग्णालयात गेले, गाड्यांची इंजिने बंद पडली. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असतो, खोलगट जागी साचतो. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, पण कंदील विझेपर्यंत हवा माणसाला धोक्याची झालेली असते. ओढ्याकाठच्या वस्त्यांजवळून लाइन नको. प्रत्येक टप्प्यावर आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह आणि वायूमापक हवेत.

म्हणून विनंती अशी: टॉवरच्या निविदेआधी 1,000 ते 1,500 मीटरच्या चाचणी बोअरसाठी पैसे द्या. खडकाची सच्छिद्रता, वरच्या थराची घट्टाई आणि खोलातल्या पाण्याची क्षारता मोजा. पाणी गोडे निघाले तर ती जागा सोडा. भोवतालच्या विहिरींचा पीएच, फ्लोराइड, लोह, आर्सेनिक पावसाळ्याआधी आणि नंतर असे किमान एक वर्ष नोंदवा. या भागातल्या पाण्यात फ्लोराइड आधीच आहे आणि मागून कुणी विचारले तर तुलनेला आकडे हवेत. वर्धा खोऱ्यात कोळसा शोधताना मारलेल्या जुन्या बोअरची यादी जागांसह काढा. नीट न बुजवलेला एक बोअर वायूला वर यायला पुरतो. ही यादी चाचणीची जागा ठरण्याआधी त्या गावांच्या ग्रामसभेपुढे मराठीत ठेवावी.

कळावे,
कोरपना, राजुरा व वणी परिसरातील काही अभियंते आणि भूजल अभ्यासक