आईला पत्र: पोहण्याच्या पोशाखाविषयी

मेलबर्न,
१६ जानेवारी

ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलेस, ‘पोहायला जातेस ते ठीक, पण अंगात घालतेस काय?’ शेजारी बाबा होते म्हणून मी विषय टाळला. आज सविस्तर लिहिते, कारण अंबाजोगाईत इतकी वर्षे ब्लाउज शिवणाऱ्या तुझ्याइतके हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

मामाच्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकले तेव्हा सारी मुले उघडी उतरत आणि मी तेवढी सदरा घालून. थंडी वाजते, असे मी सांगत असे. खरे कारण, मुलगा म्हणून वाढवलेली मी मुलगी आहे हे, तुला फार उशिरा कळले. पुढे कित्येक वर्षे मी पाण्यात पाऊलच घातले नाही.

इथे पहिला पोशाख नुसता मापाचा आकडा पाहून घेतला. तो खांद्यांवर काचला आणि खालून वर ओढला गेला, कारण माझे धड लांब आहे आणि बायकांचे तयार पोशाख सहसा आखूड धडासाठी बेतलेले असतात. छाती, कंबर, नितंब एवढी मापे इथे पुरत नाहीत. टेप खांद्यावरून पुढे उतरवून, दोन्ही पायांमधून घेऊन, पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यापर्यंत आणायचा. ते माप हाती आल्यावर लांब धडाचा वेगळा नमुना मिळाला.

मानेमागे बांधायचा गळा मी घेतला नाही, त्याने रुंद खांद्यांकडेच नजर जाते. व्ही गळा, रुंद पट्ट्या, पोटावर चुण्या आणि खाली छोटा घेर असलेला गडद निळा पोशाख घेतला. हॉर्मोनच्या औषधांनी आलेली छाती लहानच आहे, म्हणून कटोरीत पातळ स्पंज आहे. आतून पुढचा भाग सपाट ठेवणारी घट्ट चड्डी घालते. तिला गॅफ म्हणतात. ती दुखेल इतकी आवळायची नाही, पोहून झाले की लगेच बदलायची. त्यासाठी चिकटपट्टी मात्र मी कधीच लावत नाही. काळजी करू नकोस. त्या घेरामुळे पाण्याबाहेर येताना मला टॉवेल शोधावा लागत नाही, आणि हेच सुख मला विहिरीवर हवे होते.

आता एक मागणे आहे. नायलॉन-लायक्राचे कापड क्लोरीनने सैल पडते, त्यामुळे पोहून आल्यावर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवले तरी पोशाख फार काळ टिकत नाही. दुसरा तू शिवशील का? कापड पाठवते. त्याला सरळ टाका चालणार नाही, ताणला की तुटतो. पिको-फॉलवाल्या काकूंच्या मशीनवर झिगझॅग घाल, आणि दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा घे. मापे मागच्या पानावर लिहिली आहेत. गळा मात्र तुझ्या मनाने वर घेऊ नकोस.

तुझी लेक